व्हिएतनाम, अमेरिकेतलं जनमत आणि ३६६ निळ्या कुप्या

अमेरिकेच्या व्हिएतनाम युद्धाचं एक चित्र आपल्या डोक्यात पक्कं बसलंय. एका बाजूला केस वाढवलेली पोरं, दुसऱ्या बाजूला झेंडा धरलेले म्हातारे. टीव्हीवर रक्त दिसलं, विद्यार्थी रस्त्यावर आले, सरकार झुकलं. दूरदेशी रेंगाळलेल्या कुठल्याही युद्धाची चर्चा निघाली की कुणीतरी हेच चित्र पुढे करतं. मला ते चूक वाटतं, आणि नुसतं चूक नाही तर घातक वाटतं. घरात फूट कुठे पडली आणि का पडली, हेच त्यात झाकलं जातं. जायचं कुणी आणि सुटायचं कुणी हे ठरवणारी जी यंत्रणा होती, तिच्याकडे बघितल्याशिवाय ही फूट कळत नाही.

आधी आकडे बघू. जनमत चाचण्या घेणाऱ्या गॅलप संस्थेचे लोक १९६५ पासून घरोघरी जाऊन एकच प्रश्न जवळपास त्याच शब्दांत विचारत होते: आतापर्यंतच्या घडामोडी पाहता व्हिएतनाममध्ये लढायला सैन्य पाठवणं ही अमेरिकेची चूक झाली, असं तुम्हाला वाटतं का? ऑगस्ट १९६५ मध्ये ‘चूक झाली’ म्हणणारे २४ टक्के होते. ऑक्टोबर १९६७ मध्ये त्यांनी ‘चूक नाही’ म्हणणाऱ्यांना पहिल्यांदा मागे टाकलं. ऑगस्ट १९६८ मध्ये ते ५३ टक्के झाले आणि मे १९७१ पर्यंत ६० च्या पुढे गेले.

तारखा नीट बघा. कम्युनिस्ट फौजांनी दक्षिण व्हिएतनामभर केलेला टेटचा मोठा हल्ला जानेवारी १९६८ च्या अखेरचा. वॉल्टर क्रॉन्काइट या नामवंत वृत्तनिवेदकाने सीबीएस वाहिनीवर हे युद्ध कोंडीत अडकलंय असं सांगितलं ते २७ फेब्रुवारी १९६८ ला. पारडं त्याआधीच फिरलं होतं. राज्यशास्त्रज्ञ जॉन म्युलर यांनी १९७३ मध्ये दाखवून दिलं की पाठिंब्याची घसरण मृत आणि जखमी अमेरिकी सैनिकांच्या एकूण आकड्याच्या मागोमाग चालली होती. हा आकडा दसपट झाला की पाठिंबा सुमारे १५ टक्क्यांनी उतरायचा. शंभराचे हजार झाले तेव्हा १५, हजाराचे दहा हजार झाले तेव्हा आणखी १५. म्हणून सुरुवातीचे मृत्यू जनमताला जोरात हलवतात आणि नंतर मन निबर होत जातं. या हिशोबात व्हिएतनामी माणूस कुठेच नाही. दहा लाखांहून कितीतरी जास्त व्हिएतनामी मेले, पण अमेरिकेतलं जनमत हललं ते मुख्यतः आपली पोरं मोजून. हे वाचताना त्रास होतो, व्हायलाच हवा.

आता वय. त्या काळातल्या चाचण्यांत तिशीच्या आतले लोक पन्नाशीच्या पुढच्यांपेक्षा युद्धाला जास्त पाठिंबा देत होते. सुरुवातीला कॉलेज शिकलेले लोक प्राथमिक शाळेपर्यंत शिकलेल्यांपेक्षा जास्त युद्धाच्या बाजूचे होते, पुरुष स्त्रियांपेक्षा, गोरे काळ्यांपेक्षा. मिशिगनमधल्या डिअरबॉर्न या मोटार कामगारांच्या गावात नोव्हेंबर १९६६ मध्ये सैन्य माघारी आणण्यावर मतदान झालं. ठराव पडला, पण सुमारे ४१ टक्के लोकांनी माघारीच्या बाजूने मत दिलं. विद्यापीठांतली मोठी आंदोलनं अजून व्हायची होती तेव्हाची ही गोष्ट.

सगळ्यात मोठी गफलत ‘चूक झाली’ या उत्तरात आहे. हे उत्तर देणारे सगळे शांततावादी नव्हते. काहींना युद्धच अन्यायाचं वाटत होतं. पण फार मोठा वर्ग म्हणत होता, जिंकायचं तर पूर्ण ताकद लावा, नाहीतर निघा. हे मधलं लटकणं नको. १२ मार्च १९६८ ला न्यू हॅम्पशायर राज्यात पक्षाचा उमेदवार ठरवणारी प्राथमिक निवडणूक झाली. तीत युद्धविरोधी सिनेटर यूजीन मॅकार्थी यांना ४२ टक्के मतं पडली आणि राष्ट्राध्यक्ष जॉन्सन यांना ४९. सगळ्यांनी याला शांततेचा कौल म्हटलं. नंतर मतदारांच्या मुलाखती झाल्या. जॉन्सन यांच्या व्हिएतनाम धोरणावर नाराज असलेल्या मॅकार्थीच्या मतदारांत, जॉन्सन फार मवाळपणे लढताहेत असं म्हणणारे जवळपास तीनास दोन या प्रमाणात जास्त निघाले! त्यामुळे कुठल्याही युद्धाबद्दल ‘६० टक्के जनता विरोधात’ असं वाचलं की मूळ प्रश्न शोधा. चूक झाली का असं विचारलं होतं, की परत बोलवायचं का, की बाँबफेक वाढवायची का? तीन प्रश्नांवर त्याच माणसांची तीन वेगळी बहुमतं निघतात.

आता भरतीकडे येऊ. २८ जुलै १९६५ ला जॉन्सन यांनी पत्रकार परिषदेत जाहीर केलं की व्हिएतनाममधलं सैन्य ७५,००० वरून १,२५,००० करायचं, आणि त्यासाठी सक्तीची भरती महिन्याला १७,००० वरून ३५,००० पर्यंत न्यायची. राखीव दलं बोलवायची नाहीत. माझ्या मते घरातल्या फुटीची मुळं या एका निर्णयात आहेत. राखीव दलातले लोक म्हणजे नोकरी-धंद्याला लागलेले, बायकापोरं असलेले. ते बोलावले असते तर गावोगावची घरं एकदम हलली असती आणि संसदेत उघड वाद झाला असता. सक्तीच्या भरतीने एकेकटं पोर गुपचूप उचलता येत होतं. १९६६ या एका वर्षात ३,८२,०१० जण असे उचलले गेले, अख्ख्या युद्धात सर्वात जास्त.

मुलगा १८ वर्षांचा झाला की पाच दिवसांत त्याने नाव नोंदवायचं. देशभर भरतीची सुमारे ४,००० स्थानिक मंडळं होती आणि सदस्य गावातलेच, बिनपगारी लोक. मुलाने प्रश्नावली भरायची, मंडळ त्याला वर्ग द्यायचं. ‘वन-ए’ म्हणजे केव्हाही बोलावणं येणार. ‘टू-एस’ कॉलेज विद्यार्थ्याला, ‘थ्री-ए’ घरातल्यांचा भार असणाऱ्याला, ‘फोर-एफ’ अपात्र ठरलेल्याला, ‘वन-ओ’ सद्सद्विवेकाने युद्धाला नकार देणाऱ्याला. त्यानंतर शारीरिक तपासणी, आणि शेवटी फॉर्म २५२, म्हणजे हजर होण्याचा हुकूम.

कागदावर हे नीटनेटकं दिसतं. पण टू-एस टिकवायला पूर्णवेळ कॉलेज लागतं, म्हणजे फीचे पैसे लागतात. जो नोकरी करून अर्धवेळ शिकतो त्याला ही सवलत नाही. फोर-एफ मिळवायला विशेषज्ञ डॉक्टरचं पत्र कामी येतं, आणि ते ज्याच्या घरचा डॉक्टर ओळखीचा आहे त्यालाच मिळतं. वर्गांच्या रेषाही हलत असायच्या. मुहम्मद अलीला १९६४ मध्ये बौद्धिक चाचणीत कमी पडला म्हणून बाजूला ठेवलं होतं. १९६६ मध्ये निकष खाली आणले आणि तोच माणूस वन-ए झाला. त्याच वर्षी संरक्षणमंत्री मॅकनमारा यांनी ‘प्रोजेक्ट १,००,०००’ काढून, एरवी चाचणीत नापास ठरले असते असे तीन लाखांवर तरुण सैन्यात घेतले. कॉलेजातलं पोर सुरक्षित राहून युद्धाला विरोध करतं आणि कारखान्यातल्या कामगाराचं पोर जातं, हे ज्यांना रोज दिसत होतं त्यांच्या रागाला ‘युद्धप्रेम’ म्हणणं अन्याय आहे. मे १९७० मध्ये न्यूयॉर्कच्या बांधकाम कामगारांनी निदर्शक विद्यार्थ्यांना झोडपलं. ती मारहाण निषेधार्हच. पण तो सगळा राग युद्धाच्या पाठिंब्यातून आला होता असं मी मानत नाही.

ही विषमता घालवायला सोडत आली. त्याआधी १९ ते २६ या वयांत थोरल्याला आधी उचलायचे, त्यामुळे टांगती तलवार सात वर्षं राहायची. १ डिसेंबर १९६९ ला वॉशिंग्टनमध्ये १९४४ ते १९५० या काळात जन्मलेल्यांसाठी टीव्हीवर थेट सोडत झाली. निळ्या प्लॅस्टिकच्या ३६६ कुप्या आणि प्रत्येकीत एक जन्मतारीख. ज्या क्रमाने तारीख निघेल त्या क्रमाने त्या तारखेच्या मुलांना बोलावणं. पहिली कुपी खासदार अलेक्झांडर पर्नी यांनी काढली, १४ सप्टेंबर. शेवटची निघाली ८ जून. एकाच तारखेच्या मुलांत क्रम लावायला नाव-आडनावांच्या आद्याक्षरांची वेगळी सोडत झाली.

आणि ही सोडत चुकली. जानेवारीच्या ३१ कुप्या लाकडी पेटीत घातल्या आणि पुठ्ठ्याने एका कडेला सारल्या. मग फेब्रुवारीच्या २९ घालून दोन्ही एकत्र ढवळल्या, मग मार्च, मग एप्रिल. म्हणजे जानेवारीच्या कुप्या अकरा वेळा ढवळल्या गेल्या आणि डिसेंबरच्या एकदाच. नंतर पेटी हलवली, पण ते पुरेसं नव्हतं. कुप्या काचेच्या खोल भांड्यात ओतल्या आणि काढणारे बहुतेक वरच्याच उचलत होते. परिणाम असा की १९७० मध्ये १९५ क्रमांकापर्यंत बोलावणी गेली आणि डिसेंबरच्या ३१ पैकी २६ तारखा त्यात आल्या. ढवळणं नीट झालं असतं तर १६-१७ आल्या असत्या. ज्यांच्या डोक्यात म्हाडाच्या सोडतीची धाकधूक आहे त्यांनी कल्पना करावी. इथे घर लागत नव्हतं, फॉर्म २५२ लागत होता. १ जुलै १९७० च्या पुढच्या सोडतीत दोन पिंपं ठेवली, एकात तारखा, दुसऱ्यात क्रमांक. दोन्हीतून एकेक काढून जोडी लावायची.

सोडतीचा जनमतावरचा परिणाम मला सगळ्यात बोलका वाटतो. एका रात्रीत लाखो मुलांना कळलं की आपण सुटलो. ३०० च्या पुढचा क्रमांक लागलेल्याची भीतीच संपली. जॉन्सन यांच्यानंतरचे राष्ट्राध्यक्ष निक्सन यांनी माघारीचा वेग वाढवला, भरती उतरत १९७२ मध्ये ४९,५१४ वर आली आणि जानेवारी १९७३ मध्ये सक्ती संपली. विद्यापीठांतली गर्दी मे १९७० च्या उद्रेकानंतर ओसरत गेली, युद्ध मात्र चालू राहिलं.

त्या उद्रेकाबद्दलही एक नोंद. ४ मे १९७० ला ओहायोतल्या केंट स्टेट विद्यापीठात नॅशनल गार्ड या राज्याच्या राखीव सैन्यदलाच्या गोळीबारात चार विद्यार्थी मेले, नऊ जखमी झाले. त्यानंतरच्या चाचणीत ५८ टक्के लोकांनी दोष विद्यार्थ्यांना दिला आणि ११ टक्क्यांनी गार्डला. त्याआधी १९६८ मध्ये मिशिगन विद्यापीठाने ० ते १०० या मापावर लोकांच्या भावना मोजल्या होत्या. युद्धविरोधी निदर्शकांना एक तृतीयांश लोकांनी सरळ शून्य दिलं. युद्ध नकोसं होतं आणि ते थांबवा म्हणणारेही नकोसे होते. एकाच माणसाच्या मनात दोन्ही गोष्टी होत्या.

अमेरिकेतल्या मराठी घरांना हा विषय जुना वाटू नये. नावनोंदणी १९८० मध्ये पुन्हा सुरू झाली आणि ती १८ ते २५ वयाच्या मुलग्यांना लागू आहे, नागरिकांना आणि ग्रीन कार्डवाल्यांनाही. वैध विद्यार्थी व्हिसावर किंवा एच-४ वर (एच-१बीवाल्यांच्या कुटुंबीयांचा व्हिसा) असलेल्याला ती लागत नाही. पण २६ वर्षं पूर्ण होण्याआधी ग्रीन कार्ड मिळालं की लागते. २६ पूर्ण झाल्यावर नोंदणी करताच येत नाही. सक्तीची भरती आज अस्तित्वात नाही. ती आणायची तर संसदेला कायदा करावा लागेल. तसं झालंच तर सोडत पुन्हा दोन यंत्रांतून होईल, एकात तारखा, दुसऱ्यात क्रमांक, आणि त्या वर्षी विशीत पाऊल टाकणाऱ्यांना सर्वात आधी बोलावलं जाईल. कॉलेजात असणाऱ्याला चालू सत्र संपेपर्यंत मुदत मिळेल, शेवटच्या वर्षाला असेल तर ते शैक्षणिक वर्ष संपेपर्यंत. चार वर्षांची ती जुनी टू-एस सवलत आता कुणालाच नाही.