ड्रम मोअरचा पडदा काढू नका, आणि तो मेसेज पुढे पाठवू नका

गेल्या गुरुवारी रात्री साडेनऊला मामांचा फोन आला. आष्टी तालुक्यात त्यांची सहा एकर जमीन, नऊ गायी आणि २४ एचपीचा छोटा ट्रॅक्टर. "सोमवारी इसार देऊन येतो. गवत कापायचं मशीन घ्यायलोय, तुझ्याकडं हाय तसलंच." कुणी सांगितलं म्हणून विचारलं, तर म्हणाले, "आरं, चार ग्रुपवर आलाय मेसेज. समदं लिवलंय त्यात."

तो मेसेज तोवर मलाही तीनदा आला होता. त्या रात्री पहिल्यांदा नीट वाचला. वर ठळक अक्षरात 'चारा कापणीची कटकट कायमची संपली', आणि खाली सहा दावे. ड्रम मोअर, म्हणजे ट्रॅक्टरला लावायचं हे गवत कापायचं मशीन, कोणत्याही ट्रॅक्टरला चालतो, १८ एचपीलासुद्धा. गवत, घास, नेपिअर (हत्तीगवत), कडबा, सोयाबीन सगळं कापतो. दगडाला भीत नाही, म्हणून भोवतीचा ताडपत्रीचा पडदा काढून टाका, चारा अडकणार नाही. कापलेलं गवत त्याच दिवशी वाळून गंजी लागते. तासाला चार एकर होतात. आणि आधी मशीन घ्या, अनुदान मागाहून मिळतंच.

अंबाजोगाईच्या बाजूला आमच्या माळावर मी तीन हंगाम १.६५ मीटरचा ड्रम मोअर ५० एचपीच्या ट्रॅक्टरवर चालवतोय. मशीन चांगलं आहे. मेसेज घातक आहे.

पडद्याचं आधी सांगतो, कारण त्यात माणूस जाऊ शकतो.

या मशीनमध्ये दोन ड्रम एकमेकांच्या उलट दिशेने फिरतात. प्रत्येक ड्रमच्या खालच्या कडेला पाती बोल्टवर मोकळी लटकलेली असतात, बहुतेक मशीनवर तीन-तीन. ड्रम फिरला की ती ताठ होतात आणि दगडाला लागली की मागे वळतात. त्यामुळे पातं सहजासहजी तुटत नाही. 'दगडाला भीत नाही' यात खरं आहे ते एवढंच. पण पातं वाचलं म्हणून दगड जागेवर राहत नाही, तो सुटतो. हिशेब कुणालाही करता येईल. फिरताना पात्यांची टोकं जो गोल आखतात तो सुमारे ८० सेंटिमीटर रुंद, म्हणजे एका फेऱ्यात टोक अडीच मीटर धावतं. मिनिटाला १,९०० फेरे धरले, तर सेकंदाला जवळपास ८० मीटर. तासाचे झाले २८८ किलोमीटर. ज्या माळावर हातभर खणलं की मुरूम लागतो, जिथे गवतात दगड दिसतसुद्धा नाही, तिथे हे मशीन उघडं चालवा असं लिहिणाऱ्याने कापणी कधी जवळून पाहिली नसावी.

दुसऱ्या हंगामात आमच्या पडद्याची एक बाजू फाटली होती. दोन तासांचं काम आहे, उद्या शिवून घेऊ, म्हणून मी तसंच चालवलं. ती चूक माझीच. लिंबाएवढा दगड सुटला आणि साठ-सत्तर पावलांवर बांधाला लावलेल्या मोटारसायकलच्या टाकीत खड्डा पडला. आमचा सालगडी त्याच गाडीला टेकून बसला होता. पाच मिनिटांपूर्वी पाणी प्यायला उठला म्हणून वाचला. त्या दिवसापासून पडदा धड नसेल तर मी ट्रॅक्टरला किल्ली लावत नाही, आणि कापणी चालू असताना पोरं, गुरं, माणसं कुणालाच त्या शेतात येऊ देत नाही. आणखी एक, जे मेसेजमध्ये कुठेच नाही: पीटीओ, म्हणजे मशीन फिरवणारा ट्रॅक्टरच्या मागचा दांडा, बंद केल्याबरोबर ड्रम थांबत नाहीत, बराच वेळ फिरत राहतात. आवाज कमी झाला म्हणून हात घालायला जाणाऱ्याची बोटं राहत नाहीत.

चारा अडकतो तो पडद्यामुळे नाही. पाती बोथट झाली किंवा पीटीओचे फेरे मिनिटाला ५४० च्या खाली उतरले की अडकतो. पाती बदलायला वेळ लागत नाही. फक्त एका बाजूचं एकच नवं टाकू नये, त्या ड्रमची सगळी एकदम बदलावीत. नाहीतर तोल जातो, मशीन थरथरतं आणि बेअरिंग जातात.

आता सोयाबीन. हे वाचून मला खरंच राग आला. काढणीला आलेलं सोयाबीन दुपारच्या उन्हात नुसतं हलवलं तरी शेंगा तडकतात, म्हणून आपल्या बाया पहाटे दव असताना कापणीला जातात. त्या पिकावर ताशी २८८ किलोमीटरने फिरणारं पातं घालायचं? दाणे मातीत जातील आणि घरी फक्त काड येईल. सोयाबीनला, गव्हाला रीपर असतो. तो कात्रीसारखा कापतो आणि पीक एका बाजूला अलगद आडवं टाकतो. दोन्ही मशीन ट्रॅक्टरला लागतात म्हणून दोन्हींचं काम एक होत नाही.

कडब्याचंही तेच. मालदांडी ज्वारी उपटायची किंवा विळ्याने कापायची, आडवी टाकून वाळवायची, कणसं खुडायची आणि मग सारख्या लांबीच्या पेंढ्या बांधायच्या. आपल्याकडे कडबा पाचुंद्याने, म्हणजे पाच-पाच पेंढ्यांनी, मोजतात आणि शेकड्याने विकतात. दोन ड्रमच्या मधून पिळून निघालेल्या ताटांचा गुंता होतो. त्याची पेंढी कोण बांधणार आणि शेकडा कसा मोजणार? कणसांचं काय होईल ते तर सांगायलाच नको. नेपिअर आपण सरीवर लावतो, त्याचे ठोंब जाड. ड्रमच्या बुडाची तबकडी सपाट जमिनीवर घसरत चालते, वरंब्यावर ती ठोंबच खरवडते. लसूण घास, ओट, मारवेल, माळावरचं पवन्या, तेही सपाट रानात, हे या मशीनचं काम. तिथे याला तोड नाही, हे मी मान्य करतो.

'कोणत्याही ट्रॅक्टरला चालतो' या ओळीमुळे मामा फसायला निघाले होते. अमेरिकेतल्या शेती अभियंत्यांच्या संस्थेचं डी-४९७ नावाचं एक मानक आहे. कोणत्या अवजाराला किती ताकद लागते याचे आकडे जगभरचे अभियंते त्यातून घेतात. त्यात कात्रीसारख्या कटरबार मोअरला रुंदीच्या दर मीटरला १.२ किलोवॅट दिलेत आणि फिरत्या पात्यांच्या डिस्क मोअरला ५. ड्रम मोअरही डिस्कसारखाच आदळून कापतो, त्यामुळे तोच आकडा धरू. चौपटीहून जास्त फरक. १.६५ मीटरला सव्वाआठ किलोवॅट, म्हणजे ११ एचपी.

मामा लगेच म्हणाले, "मग माझ्याकडं २४ हाय की!" इथेच गफलत होते. २४ हा इंजिनाचा आकडा, पीटीओपर्यंत त्याहून कमीच पोचतात. ट्रॅक्टरलाही चालायचं असतं, चढ असतो, आणि पावसानंतर लोळलेल्या दाट घासात लागणारी ताकद सरासरीने मोजून चालत नाही. त्याहून मोठा प्रश्न वजनाचा. साडेतीनशे-चारशे किलोचं हे धूड मागे सरळ नसतं, उजवीकडे बाहेर लटकतं. छोट्या ट्रॅक्टरचं पुढचं चाक उचलतं, आणि बांधावरून वळताना किंवा उतारावर ट्रॅक्टर त्याच अंगावर कलतो. मामांचं रान बालाघाटच्या उताराला आहे. तिथे ही जोडी जमणारी नाही. त्यांच्या ट्रॅक्टरला हलका कटरबार झेपेल. त्याला दगड सोसत नाहीत, त्याची लोखंडी बोटं मोडतात, पात्याला धार लावत बसावं लागतं, हेही मी त्यांना सांगितलं. पण त्यांच्या दीड एकर घासात दगड नाहीत.

बाकीचे दावे थोडक्यात. तासाला चार एकर होत नाहीत. १.६५ मीटर रुंदी आणि ताशी आठ किलोमीटर धरले, तर एकदाही न वळता सव्वातीन एकर होतात. वळणं, कोपरे, बांध धरून माझे अडीच होतात. तेही थोडे नाहीत. दिवाळीच्या आगेमागे, ऐन गवत कापायच्या वेळी, आपल्या बीड जिल्ह्यातल्या टोळ्या ऊसतोडीला निघून जातात. तेव्हा माणूस शोधण्यापेक्षा हे मशीन बरं. मेसेज लिहिणाऱ्याने मजुरांची अडचण तेवढी बरोबर ओळखली आहे.

त्याच दिवशी वाळत नाही. एक टन हिरव्या गवतात साडेसातशे किलो पाणी धरलं, तर ते गंजी लावण्याजोगं होईपर्यंत सातशे किलो पाणी उडावं लागतं. त्यात ड्रम मोअर गवताची अरुंद, जाड ओळ पाडतो, वरचं वाळतं आणि खालचं हिरवंच राहतं. ते दाताळ्याने पसरावं लागतं आणि ऑक्टोबरच्या उन्हातही माझे दोन-तीन दिवस जातात. ओलं गवत रचलं तर बुरशी धरते, गंजी आतून तापते, कधी पेटही घेते. घास मात्र कडक वाळल्यावर हलवू नये, पानं गळून नुसत्या काड्या उरतात.

आणि अनुदान. सरकारच्या महाडीबीटी पोर्टलवर अर्ज, मग निवड, मग पूर्वसंमती, आणि त्यानंतर खरेदी. पूर्वसंमतीच्या आधीचं बिल चालत नाही. मामांनी सोमवारी मशीन उचललं असतं तर तो पैसा गेलाच होता.

मामांनी इसार दिलेला नाही. येत्या रविवारी ते इकडे येणार आहेत. मारवेलचा अर्धा एकर मी न कापता ठेवलाय. पडदा लावून कापून दाखवणार आहे, आणि कापून झाल्यावर पडद्याला आतून दगडांचे किती वळ उठलेत तेही.