२ स्टारच्या रिव्ह्यूला उत्तर: "अपडेट केला आणि स्विच मेला, माल डुप्लिकेट"

नमस्कार सर,

रिव्ह्यू वाचला. तुमच्या तक्रारी अशा की आमच्याकडून सेकंडहँड सिस्को २९६०-एक्स नेटवर्क स्विच घेतला, ४८ पोर्टचा पीओईवाला (म्हणजे नेटवर्कच्या केबलमधूनच वीज देणारा), त्यात फर्मवेअर (आतलं सॉफ्टवेअर) जुनं होतं, नवीन फाइल मागितली तर आम्ही दिली नाही, मग तुम्हीच कुठूनतरी मिळवून अपडेट केला तर स्विच बंद पडला म्हणजे माल डुप्लिकेट, आणि चालू होता तेव्हा घरात विमानासारखा आवाज करायचा. बाकीचे पण वाचतात म्हणून इथेच उत्तर देतोय, फोनवर बोललो असतो तर तेवढ्यावरच राहिलं असतं.

आधी डुप्लिकेटचं बोलू, कारण तो शब्द आमच्या धंद्यात फार लागतो. तुमची शंका अगदीच हवेतली नाहीये. २०२० मध्ये एफ-सिक्युअर नावाच्या फिनलंडच्या सिक्युरिटी कंपनीने नकली २९६०-एक्स उघडून त्याचा रिपोर्ट काढला होता आणि ते नकली आहेत हे कळलं कसं, तर सॉफ्टवेअर अपडेट केल्यावर बंद पडले म्हणून. पण म्हणून अपडेटनंतर बंद पडलेला प्रत्येक स्विच नकली होत नाही ना सर. तुमच्या स्विचचा लेबलवरचा सिरियल आणि "शो व्हर्जन" कमांड दिल्यावर दिसणारा सिरियल एकच आहे, तो स्क्रीनशॉट बिलासोबत तुम्हाला व्हॉट्सअपला गेलाय बघा. त्यात पहिल्या तीन अक्षरांनंतर १८ आहे, ते १९९६ मध्ये मिळवायचे, म्हणजे २०१४ चा पीस, आणि पुढचे दोन आकडे आठवड्याचे. आता नकलीवाले पण खरा सिरियल छापू शकतात हे मला माहितीये, म्हणून तर आम्ही झाकण उघडून बोर्डपण बघतो.

मग झालं काय? तुमच्याच रिव्ह्यूत उत्तर आहे, "अपडेट चालू असताना लाइट गेली, नंतर परत चालू केला तर बराच वेळ काहीच होईना म्हणून दोनतीनदा प्लग काढून लावला". आता हे वाचून मी काय बोलू. एक तर फाइल अर्धी कॉपी झाली असणार, किंवा फाइल नीट गेली आणि पहिल्याच बूटला मायक्रोकोड (चिपच्या आतला छोटा प्रोग्राम) अपडेट होत होता. या सिरीजमध्ये नवीन व्हर्जन पहिल्यांदा उठताना पोर्टच्या चिपचा मायक्रोकोड पण बदलू शकतो, त्याला काही मिनिटं लागतात, तेवढा वेळ स्विच मेल्यासारखाच दिसतो आणि कन्सोल केबल (लॅपटॉपवर स्विचचे मेसेज दाखवणारी) लावलेली नसेल तर माणूस घाबरतो आणि प्लग काढतो. बरोबर त्याच वेळी प्लग काढायचा नसतो. आणि लोक अपडेट करताना लॅपटॉप यूपीएसवर ठेवतात आणि स्विच थेट भिंतीत, हे मी नाशकात किती जणांना सांगितलंय, पहिल्या पावसात लाइटचं काय होतं ते सगळ्यांना माहितीये.

चांगली गोष्ट अशी की तुमच्या फोटोत पंखे फिरतायत, लाइट हिरवा चमकतोय, म्हणजे बहुतेक बूटलोडर (स्विच चालू करणारा सुरुवातीचा प्रोग्राम) जिवंत आहे. कन्सोल केबल लावा, स्पीड ९६००, स्क्रीनवर नुसतं "स्विच" आणि पुढे कोलन असा प्रॉम्प्ट दिसेल. तिथे फ्लॅशमध्ये काय काय आहे ते बघा, जुनी इमेज (फर्मवेअरची फाइल) शिल्लक असेल तर तिलाच बूट करा, विषय संपला. अपडेट करताना ओव्हरराइट न करता लीव्ह-ओल्ड-एसडब्ल्यू (जुनं राहू दे) हा पर्याय वापरला असता तर जुनी नक्की राहिली असती, फ्लॅश १२८ एमबी आहे, दोन इमेज आरामात बसतात. जुनी उडाली असेल तर एक्स-मोडेमने (फाइल पाठवायची जुनी पद्धत) कन्सोलवरून चढवावी लागते, तेव्हा आधी बॉड रेट म्हणजे कन्सोलचा स्पीड ११५२०० करा, नाहीतर २० एमबीची फाइल ९६०० ने पाच-सहा तास खाते, वाढवल्यावर अर्ध्या तासात होते.

आता फाइल का दिली नाही. सिस्कोचं सॉफ्टवेअर सर्व्हिस कॉन्ट्रॅक्टवर मिळतं आणि सेकंडहँड बॉक्ससोबत ते कॉन्ट्रॅक्ट येत नाही, हे मी घेतानाच सांगितलं होतं. अंबड-सातपूर एमआयडीसीतल्या कंपन्यांतून निघालेला माल विकतो आम्ही, त्यांचं लॉगिन नाही विकत. "समोरचा दुकानदार पेनड्राइव्हवर देतो" असं तुम्ही लिहिलंय, देत असेल, आम्ही देणार नाही आणि यापुढेही देणार नाही. सिक्युरिटी बगची अॅडव्हायझरी (सिस्कोची जाहीर सूचना) निघाली असेल तर त्याचं फिक्स कॉन्ट्रॅक्ट नसताना पण सिस्कोच्या सपोर्टकडे सिरियल आणि अॅडव्हायझरीची लिंक देऊन मागता येतं, ते लोक हो म्हणतील याची गॅरंटी मी देत नाही, पण रस्ता सरळ आहे. तुम्ही ग्रुपवरून उचललेली फाइल कोणी बनवली देव जाणे. निदान तिचा हॅश (फाइल बदललेली नाही हे कळायचा कोड) तरी सिस्कोच्या डाउनलोड पेजवरच्या हॅशशी जुळवून बघायचा होता.

आणि जुनं फर्मवेअर म्हणजे लगेच धोका असं पण नाही, घरात तो कसा लावलाय त्यावर आहे. २०१८ मध्ये स्मार्ट इन्स्टॉल या सिस्कोच्या लांबून सेटअप करायच्या सोयीवरून जगभर सिस्कोचे स्विच उडवले गेले, पोर्ट ४७८६ इंटरनेटला उघडा ठेवलेले होते ते. आमच्याकडून जाणाऱ्या प्रत्येक पीसवर व्हीस्टॅक (तेच स्मार्ट इन्स्टॉल) बंद, टेलनेट (पासवर्ड उघडा पाठवणारं जुनं लॉगिन) बंद, जुन्या कंपनीचं कॉन्फिग आणि व्हीलॅनची (एकाच स्विचवरच्या वेगळ्या नेटवर्कची) फाइल पुसलेली असते. स्विचचं मॅनेजमेंट वेगळ्या व्हीलॅनवर ठेवा आणि राउटरवरून ते इंटरनेटला फॉरवर्ड करू नका, एवढं तुमच्या हातात आहे. २९६०-एक्स ची विक्री २०२२ मध्येच थांबलीये, त्यामुळे नवीन व्हर्जन कायम येत राहतील अशी आशा तशीही धरू नका.

आवाजाचं खरं सांगू का, तीन कॅमेरे आणि दोन अॅक्सेस पॉइंटसाठी ३७० वॉटचा पीओई स्विच लागतच नाही. मी तुम्हाला बिनपंख्याचा आठ पोर्टचा २९६०-सीएक्स दाखवला होता, तुम्ही म्हणालात "एवढ्याच पैशात ४८ मिळतायत ना". मिळतायत, पण रिकामा चालताना ५० वॉट जरी धरले तरी महिन्याला ३६ युनिट होतात, ते कोण धरणार. आणि कृपया यूट्यूब बघून आतले पंखे बदलू नका, बारके सायलेंट पंखे लावले की हवा कमी होते, पीओईवर लोड आला की पॉवर सप्लाय तापतो. त्यापेक्षा दर काही महिन्यांनी ब्लोअर मारा, सध्या कुंभाच्या कामांमुळे रस्ते खोदलेत, दुकानात पण रोज थर बसतो.

बंद स्विच घेऊन या, समोर बसून कन्सोल लावतो, त्याचे पैसे नाही घेत. उठला तर तुमचा तुम्ही न्या. बदलून आठ पोर्टचा हवा असेल तर उठल्यावर चेक करून फरकाचं बोलू. बोर्डच गेला असेल तर ३० दिवसांची टेस्टिंग वॉरंटी बिलावर आहे, पण ग्रुपवरच्या फाइलमुळे गेलेला बोर्ड त्यात बसत नाही, ते पण बिलावरच लिहिलंय. पॉवर कॉर्ड सोबत आणा, आणि शनिवारी संध्याकाळी नको, तेव्हा गर्दी असते.