सायकलचे शूज ‘एक साईज लहान’ घ्यायचे का?

क्लीटचे, म्हणजे सोलखाली बसवलेल्या तुकड्याने पेडलमध्ये अडकणारे, शूज घ्यायला निघालेल्या नवख्या सायकलस्वाराला एक सल्ला हमखास मिळतो. शब्द बदलतात, गाभा तोच असतो. नेहमीच्यापेक्षा एक साईज लहान घे, सायकलचे शूज आवळूनच हवेत. पंधरा दिवसांत सैल होतील. पाय आत हलला तर ताकद वाया जाते. पाऊल रुंद असेल तर एक साईज मोठी चालेल. सोल जितका कडक तितका चांगला. आणि मुंग्या आल्या तर घाबरू नकोस, सवय होते.

यात एक-दोन धागे खरे आहेत, म्हणूनच सल्ला टिकून आहे. बाकीचा भाग पायाला आणि खिशाला महाग पडतो.

‘एक साईज लहान घ्या’

लहान म्हणजे नेमकं किती? युरोपियन मापात एक साईज म्हणजे दोन तृतीयांश सेंटिमीटर, म्हणजे ६.६७ मिलिमीटर. ब्रिटिश मापात, आणि आपल्याकडे खोक्यावर ‘यूके/इंडिया’ म्हणून जे छापतात त्यातही, एक साईज म्हणजे एक तृतीयांश इंच, जवळपास साडेआठ मिलिमीटर. म्हणजे एकच सल्ला ऐकून एकाचा बूट साडेसहा मिलिमीटरने आखूड होतो आणि दुसऱ्याचा साडेआठने. शिवाय लहान कशापेक्षा? रनिंगचे शूज बोटांपुढे अंगठ्याएवढी जागा ठेवून घेतात, ऑफिसचे शूज वेगळ्याच साच्यावर बेतलेले असतात. रनिंगच्या आकड्याशी तुलना केली तर काहींचा सायकलच्या शूजचा आकडा खरंच एकाने कमी निघतो. पण तो मोजून निघायला हवा, आधीच ठरवून नव्हे.

मोजायचं असं. संध्याकाळी मोजा, कारण दिवसभरात पाऊल फुगतं. ज्या मोज्यांत सायकल चालवणार तेच मोजे घाला. फरशीवर, भिंतीला लागून कोरा कागद ठेवा. टाच भिंतीला टेकवून त्या पायावर पूर्ण वजन द्या आणि गुडघा किंचित वाकवा. बसून मोजलं तर माप कमी येतं, कारण वजन आलं की पावलाची कमान दबते आणि पाऊल लांबतं. पेन्सिल सरळ उभी धरून सर्वांत पुढच्या बोटाची खूण करा. अनेकांचं दुसरं बोट अंगठ्याच्या पुढे असतं, तेव्हा अंगठाच पुढे असं गृहीत धरू नका. मग चवड्याचे दोन्ही बाजूंचे सर्वांत बाहेर आलेले बिंदू नोंदवा, ती रुंदी. दोन्ही पाय मोजा. ते क्वचितच तंतोतंत सारखे निघतात, बूट मोठ्या पायाच्या मापाने घ्यायचा.

आता हे मिलिमीटर त्या कंपनीच्या तक्त्यात बघा. उदाहरणार्थ, शिमानोच्या तक्त्यात ४२ नंबर २६.५ सेंटिमीटरच्या पावलाला, ४३ नंबर २७.२ ला आणि ४४ नंबर २७.८ ला दिलेला आहे. दुसऱ्या कंपनीचा ४३ याच्याशी जुळेलच असं नाही. इटालियन साचे बरेचदा अरुंद असतात. म्हणून ‘माझा नंबर ४३’ हे वाक्य दुकानाबाहेरच ठेवावं.

बूट घातल्यावर सर्वांत लांब बोटापुढे पाच ते दहा मिलिमीटर मोकळं हवं. रनिंगइतकं लागत नाही, कारण पेडल मारताना चवडा वाकत नाही. पण अजिबात जागा नसेल तर घाट उतरताना पाय पुढे सरकतो आणि नखं बुटाच्या नाकाला लागतात. ३०० किलोमीटरच्या ब्रेव्हेला, म्हणजे ठरलेल्या वेळेत पूर्ण करायच्या लांब पल्ल्याच्या राइडला, २० तासांची मुदत असते. एप्रिलच्या उन्हात इतका वेळ सीटवर काढल्यावर पाऊल सकाळच्या मापाचं राहत नाही.

‘पंधरा दिवसांत सैल होतात’

हा सल्ला चामड्याच्या जमान्यातला आहे. तेव्हाचे शूज चामड्याचे असत, पाय पेडलला पट्ट्याने आवळलेला असे, आणि घामा-पावसाने चामडं खरंच ताणलं जाई. तेव्हा जरा घट्ट घेण्यात अर्थ होता. पण तेव्हाही ताणली जायची ती रुंदी. लांबी नाही.

आजचा वरचा भाग कृत्रिम कापडाचा किंवा प्लास्टिकच्या पातळ थराचा असतो आणि तो न ताणला जाण्यासाठीच निवडलेला असतो. नायलॉन किंवा कार्बनचा सोल तर लांब होणं शक्यच नाही. आतल्या अस्तराचा फोम थोडा दबतो, इनसोल थोडा बसतो, टाचेपाशी रुळतो. बोट पुढे टेकत असेल तर ते वर्षभरानंतरही टेकणारच. पहिल्या दिवशी दुकानात चावणारा बूट घरी आणून सुधारत नाही.

‘पाय आत हलला तर ताकद वाया जाते, म्हणून सगळीकडून घट्ट’

खरा धागा इथे आहे: टाच हलता कामा नये. टाचेची वाटी आणि पावलाचा वरचा उंचवटा या दोन जागी पकड हवी. बोटं मात्र मोकळी हवीत, मोज्याच्या आत ती वरखाली हलवता आली पाहिजेत. सल्ला देणारे हे दोन्ही एकत्र करून ‘घट्ट’ म्हणतात, तिथेच घोळ होतो.

टाच तपासायला लोक दुकानात चालून बघतात. त्यातून काही कळत नाही. कडक सोल वाकत नाही, त्यामुळे चालताना टाच उचलली जाणारच, बूट कितीही नेमका बसलेला असो. त्याऐवजी पायरीच्या कडेवर चवडा ठेवा, क्लीट जिथे येईल तोच भाग टेकलेला हवा. टाच अधांतरी ठेवून पेडल मारल्यासारखा दाब द्या आणि सोडा. आत टाच घसरत असेल तर वाटी रुंद आहे. मग मोज्याची जाडी वाढवून किंवा पट्टा आवळून ते झाकू नका, दुसरं मॉडेल बघा.

पट्टे लावण्यालाही क्रम आहे. पाय आत घालून टाच जमिनीवर दोनदा आपटा, म्हणजे ती वाटीत मागपर्यंत बसते. आधी वरचा, घोट्याजवळचा पट्टा किंवा डायल लावा, मग मधला, शेवटी बोटांकडचा. तो शेवटचा जेमतेम टेकलेला पुरतो. बहुतेक जण उलट क्रमाने लावतात, आणि पाय पुढे ढकललेल्या अवस्थेतच अडकतो. वेल्क्रो पार शेवटच्या टोकापर्यंत ओढावा लागत असेल तर बूट पावलाच्या मानाने पोकळ आहे. वेल्क्रोची टोकं एकमेकांपर्यंत नीट पोहोचतच नसतील तर पावलाची उंची त्यात मावत नाही. दोन्ही वेळा नंबर बरोबर असू शकतो, साचा चुकलेला असतो.

पेडल वर खेचता यावं म्हणून घट्ट हवेत, हेही सांगितलं जातं. २००७ साली प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात सायकलपटूंना मुद्दाम पेडल वर ओढायला सांगितलं, तेव्हा त्यांची कार्यक्षमता घटली. एरवीच्या चालवण्यात काम खाली दाबण्यातच होतं. स्प्रिंटची गोष्ट वेगळी, पण स्प्रिंटसाठी वरचा पट्टा आवळता येतो. त्यासाठी बोटांची जागा गमवायची गरज नाही.

‘रुंद पाऊल असेल तर मोठी साईज घ्या’

हा सल्ला सर्वांत सहज पटतो आणि सर्वांत जास्त नुकसान करतो. लहानपणी अनवाणी किंवा चपलेत वावरलेल्यांचा चवडा रुंद असणं नवल नाही. दक्षिण भारतातल्या अनवाणी चालणाऱ्यांची पावलं बूट वापरणाऱ्यांपेक्षा रुंद असल्याचं २००९ च्या एका अभ्यासात नोंदवलं आहे. अरुंद साच्याचा बूट करंगळीपाशी चावतो, मग माणूस एक नंबर वर जातो. चवडा मावतो, आणि तो खूश होतो.

पण पाऊल तेवढंच आहे. टाच मागे टेकलेली असते, म्हणून चवडा जिथे होता तिथेच राहतो. सोलमधली क्लीटची भोकं मात्र लांब बुटाबरोबर पुढे जातात, एका युरोपियन साईजला सुमारे पाच मिलिमीटर. क्लीट मागे ओढली तरी ती चवड्याऐवजी बोटांच्या मुळाशी येऊ शकते. आता प्रत्येक दाबाला पोटरी आणि टाचेमागची शीर जास्त ताणली जाते आणि बोटांखाली आग होते. माणूस समजतो सोल खराब आहे. वर टाच सैल झाली म्हणून पट्टा आवळतो, आणि पावलाच्या वरच्या बाजूला मुंग्या सुरू होतात.

रुंद पावलाला रुंद साचा हवा, लांबी तीच ठेवून. शिमानो, लेक, सिडी यांच्या काही मॉडेल्समध्ये तो वेगळा मिळतो. दुकानात नसेल तर मागवायला सांगा. तपासायला इनसोल बाहेर काढा, जमिनीवर ठेवा आणि त्यावर उभे राहा. पाऊल इनसोलच्या कडेबाहेर सांडत असेल तर तो बूट तुमचा नाही, मग पट्टे कितीही सैल सोडा.

‘सोल जितका कडक तितकी ताकद जास्त’

कंपन्या कडकपणाचे आकडे देतात, पण ते ज्याचे त्याचे. एका कंपनीचा दहा आणि दुसऱ्या कंपनीचा दहा यांची तुलना होत नाही. कार्बन आणि प्लास्टिकच्या सोलची तुलना करणाऱ्या २००३ च्या अभ्यासात कार्बनच्या बुटात चवड्याखालचा सर्वाधिक दाब सुमारे १८ टक्क्यांनी जास्त आढळला. २०१६ मध्ये कोलोरॅडो विद्यापीठातल्या संशोधकांनी साधे रनिंग शूज आणि क्लीटचे शूज मध्यम जोरावर तपासले, ऊर्जेच्या खर्चात फरक दिसला नाही. क्लीटचा फायदा पकडीत, नियंत्रणात आणि स्प्रिंटमध्ये आहे.

अगदी लवचिक सोलही चालत नाही, विशेषतः दोन बोल्टच्या छोट्या क्लीटवर. तिथे सगळा दाब रुपयाच्या नाण्याएवढ्या जागेत येतो आणि सोल मऊ असेल तर क्लीटची कड तळव्याला कळते. लांब पल्ल्याला चांगला नायलॉन किंवा नायलॉन-फायबरचा सोल पुरतो. वाचलेले पैसे इनसोलवर घाला. बहुतेक शूजसोबत येणारा इनसोल कागदी जाडीचा असतो आणि कमानीला काहीच आधार देत नाही.

‘मुंग्या येणारच, सवय होते’

नाही. चवड्याच्या लांब हाडांमधून बोटांकडे नसा जातात. बूट बाजूंनी दाबला की हाडं जवळ येतात आणि नस मध्ये चेंगरते. तिसऱ्या आणि चौथ्या बोटामध्ये हे सर्वाधिक होतं. वर्षानुवर्षं असंच चाललं तर नसेभोवतीचा भाग जाड होतो आणि मग साध्या चपलेतही कळ येते.

त्रास कुठे होतो यावरून कारण बरंच कळतं. मधली बोटं बधिर होत असतील तर रुंदी कमी. अंगठ्याचं नख काळं पडत असेल तर लांबी कमी, किंवा टाच सैल असल्याने पाय पुढे घसरतो. पावलाच्या वर ठणका लागत असेल तर वरचा पट्टा आवळलेला. नेमकं क्लीटच्या वर जळजळत असेल तर क्लीट फार पुढे आहे.

क्लीट मागे घेणं हा फुकटचा उपाय आहे, आधी तोच करा. बूट घालून अंगठ्याच्या मुळाचं हाड आणि करंगळीच्या मुळाचं हाड चाचपा आणि दोन्ही जागी बुटावर टेप लावा. पेडलचा आस या दोन खुणांच्या मधोमध यावा, म्हणजे अंगठ्याच्या हाडाच्या थोडा मागेच. बोल्ट चार मिलिमीटरच्या अ‍ॅलन कीने सैल होतात. आट्यांना ग्रीस लावा आणि टॉर्क रेंचने (किती जोराने आवळलं ते दाखवणारा पाना) पाच ते सहा न्यूटन-मीटरला घट्ट करा. नुसत्या हाताच्या अंदाजाने करत असाल तर दोन्ही-तिन्ही बोल्ट आळीपाळीने थोडे थोडे. क्लीट पाच मिलिमीटर मागे गेली तर सीट दोन-तीन मिलिमीटर खाली घ्यावी लागते, आणि लहान फ्रेमवर वळताना बूट पुढच्या चाकाला लागत नाही ना तेही बघा. क्लीटचा कोनही पावलाच्या नैसर्गिक कलाप्रमाणे ठेवा. शिमानोच्या तीन बोल्टच्या क्लीटमध्ये लाल पेडलवर अडकल्यावर अजिबात फिरत नाही, निळी दोन अंश फिरते, पिवळी सहा अंश. नवख्याने पिवळी घ्यावी.

बूट काढल्यावर तासाभरात बधिरपणा गेला नाही, किंवा मधुमेह असेल, तर अ‍ॅलन की बाजूला ठेवा आणि डॉक्टरांना दाखवा.

ज्यांनी सल्ला ऐकून लहान शूज आधीच घेतलेत त्यांच्याकडे थोडेच पर्याय उरतात. क्लीट अजून बसवली नसेल तर बसवू नका. एकदा घट्ट केली की सोलवर दातांचे ठसे उमटतात, आणि असा बूट दुकानदार बहुधा परत घेत नाही. फक्त करंगळीपाशी चावत असेल तर पातळ मोजे, पातळ इनसोल आणि बोटांकडचा पट्टा पूर्ण सैल, एवढ्याने बरेचदा भागतं. चामड्याचा भाग असेल तर चांगला मोची तेवढ्याच जागी ताणून देतो. कृत्रिम कापड तापवून ताणायचं असेल तर कंपनीने तसं स्पष्ट लिहिलेलं असलं तरच, नाहीतर सोलचा गोंद सुटतो. लांबीच कमी असेल तर मोज्यांत, पट्ट्यांत किंवा मोच्यात जीव घालू नका. शूज लहान पावलाच्या कुणाला तरी विका आणि भिंतीला कागद लावून पुन्हा मोजा.