भूतानची ती लढाई दिल्लीची नव्हती

नमस्कार. दक्षिण भूतानच्या जंगलात तळ ठोकून बसलेल्या भारतातल्या बंडखोर गटांविरुद्ध भूतानने २००३मध्ये लष्करी कारवाई केली, ती ‘ऑपरेशन ऑल क्लिअर’. तिच्यावरचा माझा लेख वाचून ‘२००३ची ऑपरेशन ऑल क्लिअर दिल्लीनेच घडवून आणली, भूतान नावापुरता, सहा वर्षं हातावर हात ठेवून बसलेल्या देशाचं कौतुक कसलं? आणि त्या जंगलात बेपत्ता झालेल्यांबद्दल लेखात अवाक्षर नाही’, असं तुम्ही लिहिलंत. शेवटचा मुद्दा मला मान्य आहे, त्याकडे येते. आधीचे दोन मात्र नाहीत.

दबाव होता, तो नाकारण्यात अर्थ नाही. भारताने संयुक्त कारवाईचा प्रस्तावही दिला होता आणि भूतानने तो स्वीकारला नाही, हे मात्र विसरू नका. आपली फौज सीमेवर वाटा अडवून उभी राहिली, जखमी भूतानी सैनिकांवर भारतीय रुग्णालयांत उपचार झाले. पण जंगलात शिरले ते भूतानचे सैनिक. सैन्य सुमारे ६,०००, समोर आसामची उल्फा, बोडोंची एनडीएफबी आणि कामतापूर राज्य मागणारी केएलओ या सशस्त्र संघटनांचे ३० तळ, त्यांत अंदाजे ३,००० बंडखोर. भूतानची याआधीची मोठी लढाई म्हणजे १८६४-६५चं ब्रिटिशांविरुद्धचं द्वार युद्ध! राजे जिग्मे सिंग्ये वांगचुक स्वतः आघाडीवर गेले. दुसऱ्याच्या हुकमावरून कुणी असं जात नाही.

आता सहा वर्षांचं. १९९०नंतर आसाममध्ये भारतीय लष्कराच्या ऑपरेशन बजरंग आणि ऱ्हायनो या कारवाया झाल्या, तसे हे गट दक्षिण भूतानच्या दाट जंगलात सरकले. पूर्व भूतानमधून थिंफूला जायचं तर सोपा रस्ता आसाममधूनच जातो. आसामच्या सीमेला लागून असलेल्या समद्रुप जोंगखारच्या माणसाने बंडखोरांशी वैर घेतलं, तर तो घराबाहेर पडणार कसा? डिसेंबर २०००मध्ये आसामच्या रस्त्यांवर भूतानी प्रवाशांच्या गाड्यांवर हल्ले झाले, त्यांत डझनाहून अधिक माणसं गेली. त्यानंतरही थिंफूचं सरकार बंडखोरांशी बोलत राहिलं. जून २००१मध्ये उल्फाने वर्षअखेरपर्यंत चार तळ बंद करायचं कबूल केलं, आणि मग तळ नुसते जागा बदलत राहिले. भूतानच्या राष्ट्रीय सभेत हा प्रश्न वर्षानुवर्षं गाजला. २००३च्या अधिवेशनात ठरलं की शेवटचं एकदा समजावायचं, नाही ऐकलं तर सैन्य. १३ डिसेंबरला ४८ तासांची मुदत दिली आणि १५ डिसेंबरला कारवाई सुरू झाली. याला तुम्ही कचखाऊपणा म्हणता. ज्याच्या घरातली मुलं त्या रस्त्याने जातात, त्याने घाई केली असती तर मी त्याला बेजबाबदार म्हटलं असतं.

थिंफूजवळच्या दोचुलाच्या खिंडीत आपल्या पुण्या-मुंबईच्या सहलींच्या गाड्या थांबतात. तिथल्या १०८ छोर्तेनसमोर, म्हणजे बौद्ध स्तूपांसमोर, मीही फोटो काढले. त्या लढाईत गेलेल्या सैनिकांच्या स्मरणार्थ राणी आशी दोर्जी वांगमो यांनी ते बांधून घेतले, हे मला तिथे कळलं आणि मूळ लेख तिथूनच सुचला.

आणि म्हणूनच तुमचा तिसरा मुद्दा मला लागला. उल्फाच्या तळांवर फक्त बंदूकधारी नव्हते, बायका होत्या, लहान मुलं होती. काहींना आसाम प्रशासनाच्या हवाली केलं गेलं. भीमकांत बुढागोहाईंसारखे नेते पकडले जाऊन भारताकडे आले. पण काही जण त्या डिसेंबरनंतर कुणाला दिसलेच नाहीत, आणि त्यांच्या घरच्यांनी वर्षानुवर्षं सरकारदरबारी विचारलं की आमचा माणूस मेला की जिवंत आहे, तेवढं तरी सांगा. ही मागणी उल्फाच्या बाजूची नाही. ज्याने बॉम्ब पेरले असतील त्याच्याही बायकोला हे विचारायचा हक्क आहे. भूतानच्या निर्णयाचं मला कौतुक आहे, पण उत्तर देण्याची जबाबदारी त्याने टळत नाही. भूतानची नाही आणि आपलीही नाही.

मूळ लेखात छोर्तेनच्या फोटोखाली आज या माणसांबद्दलचा परिच्छेद घालते आहे.