चालक हटवला की अपघात संपतात का? एका फिरत्या दाव्याला उत्तर

गेली काही वर्षे एक मजकूर सारखा फिरतो आहे. शब्द थोडेफार बदलतात, आशय तोच: ‘९४ टक्के अपघात माणसाच्या चुकीने होतात. चालक काढून टाका, अपघात संपले. तंत्रज्ञान तयार आहे. गाड्या एकमेकींशी बोलू लागल्या की वाहतूक कोंडी जाईल, सिग्नलही जातील. आडवे येतात ते फक्त कायदे आणि लोकांची भीती.’

पाठवणाऱ्यांचा हेतू चांगलाच असतो. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार रस्त्यावर दरवर्षी सुमारे ११ लाख ९० हजार माणसे मरतात. त्यावर कुणी खात्रीचा उपाय सांगत असेल तर तो पुढे पाठवावासा वाटणारच. स्वयंचलित वाहनांवर चाललेले संशोधन मोलाचे आहे, असे मीही मानते. म्हणूनच या मजकुराचा त्रास होतो. त्यातले जवळजवळ प्रत्येक वाक्य अर्धवट आहे किंवा चुकीच्या पायावर उभे आहे. एकेक घेऊन पाहू.

‘९४ टक्के अपघात माणसाच्या चुकीने होतात’

अमेरिकेच्या महामार्ग वाहतूक सुरक्षा प्रशासनाने २००५ ते २००७ या काळातल्या ५,४७० अपघातांची तपशीलवार पाहणी केली होती. तिच्यावर आधारलेले एक छोटे टिपण फेब्रुवारी २०१५ मध्ये निघाले आणि ९४ हा आकडा तिथून आला. टक्कर व्हायच्या आधीची शेवटची निर्णायक घडामोड चालकाकडे नोंदवायची, वाहनाकडे की परिस्थितीकडे, एवढेच त्या टिपणात पाहिले होते. ९४ टक्के वेळा ती चालकाकडे नोंदली गेली. पण या नोंदीला अपघाताचे कारण समजू नये आणि दोष कोणाचा हेही तिच्यावरून ठरवू नये, असे त्याच टिपणात स्पष्ट लिहिले आहे. आकडा जगभर फिरला, हे वाक्य मात्र मागेच राहिले.

शेवटची घडामोड चालकाकडेच जाणार, कारण स्टीअरिंग त्याच्या हातात असते. समजा रस्ता रुंद आणि सरळ आहे, सहज ८० चा वेग गाठावा असा. दिवे लांब लांब आहेत, ओलांडायची जागा अर्ध्या किलोमीटरवर आहे. तिथे एखाद्याने ब्रेक अर्धा सेकंद उशिरा दाबला, तर नोंद होते ‘चालकाची चूक’. रस्ता तसा बांधणारे आणि वेगमर्यादा तशी ठेवणारे त्या नोंदीत कुठेच दिसत नाहीत. अमेरिकेच्या राष्ट्रीय वाहतूक सुरक्षा मंडळाच्या तेव्हाच्या अध्यक्ष जेनिफर होमंडी यांनी जानेवारी २०२२ मध्ये हा आकडा वापरणे थांबवा असे उघडपणे सांगितले, ते याच कारणाने.

हेलसिंकीचे उदाहरण मला या मुद्द्यावर सगळ्यांत बोलके वाटते. जुलै २०२५ मध्ये त्या शहराने जाहीर केले की मागच्या बारा महिन्यांत तिथल्या रस्त्यांवर एकही मृत्यू झालेला नाही. गाड्या माणसेच चालवत होती, आणि ती चुकतही होती. पण निम्म्याहून जास्त रस्त्यांवर ताशी ३० किलोमीटरची मर्यादा आहे, आणि त्या वेगात झालेली चूक सहसा जीव घेत नाही.

‘चालक काढून टाका, अपघात संपले’

चालक काढला की चालकाच्या चुका जातात, हे खरे. पण त्यांच्या जागी दुसऱ्या प्रकारच्या चुका येतात, आणि त्या कशा दिसतात हे १८ मार्च २०१८ च्या रात्री ॲरिझोनातल्या टेंपी शहरात दिसले.

उबरची चाचणी गाडी ताशी साधारण ७० किलोमीटर वेगाने चालली होती. सायकल हातात धरून एक बाई रस्ता ओलांडत होती. धडकेच्या ५.६ सेकंद आधी रडारने तिला टिपले. त्या वेगात ५.६ सेकंद म्हणजे शंभर मीटरहून जास्त अंतर. गाडी आरामात थांबली असती. पण सॉफ्टवेअरने तिला आधी वाहन ठरवले, मग ‘इतर वस्तू’, पुन्हा वाहन, मग सायकल. दर वेळी नाव बदलले की तिच्या आधीच्या हालचालीची नोंद बाजूला पडायची, त्यामुळे ती कुठे चालली आहे याचा अंदाज पुन्हा शून्यापासून बांधला जायचा. आखीव पट्ट्यांबाहेर कुणी पायी रस्ता ओलांडेल, ही शक्यता त्या प्रणालीत धरलेलीच नव्हती. धोका ओळखल्यावरही उगाच ब्रेक लागू नये म्हणून एक सेकंद थांबायचे, अशी योजना होती. गाडीत कारखान्याकडून आलेली आपत्कालीन ब्रेकची सोय चाचणीच्या वेळी बंद ठेवली होती. आत बसलेल्या देखरेखीच्या चालकाचे लक्ष फोनकडे होते.

यातली प्रत्येक गोष्ट कुणीतरी आधी ठरवलेली होती. एक सेकंद थांबायचे हे ठरले ते एखाद्या कार्यालयात, दिवसाउजेडी, बैठकीत. राष्ट्रीय वाहतूक सुरक्षा मंडळाच्या अहवालात हे सगळे क्षणाक्षणाच्या हिशेबाने मांडले आहे. आणखी एक बारकावा त्या तपासात आहे: तिथल्या दुभाजकावर विटांची फरसबंदी केलेली होती, पायवाटेसारखी दिसणारी, आणि तिच्याच कडेला इथून रस्ता ओलांडू नका असे सांगणारे फलकही होते. म्हणजे रस्ताही या गोष्टीत एक पात्र होताच.

अमेरिकेतल्या विमा कंपन्यांच्या महामार्ग सुरक्षा संस्थेने २०२० मध्ये पाच हजारांहून जास्त अपघात तपासून एक प्रश्न विचारला: यंत्राला नीट दिसते आणि ते कधी पेंगत नाही, एवढाच फायदा धरला तर किती अपघात टळतील? उत्तर आले सुमारे एक तृतीयांश. बाकीच्यांपैकी मोठा भाग अतिवेगाचा, घाईच्या निर्णयांचा आणि चुकलेल्या अंदाजांचा आहे. ते टाळायचे तर गाडीने बसलेल्याच्या घाईपेक्षा सुरक्षितता वर ठेवली पाहिजे. ही निवड यंत्र आपणहून करत नाही, ते बनवणारा करतो.

मात्र एवढ्यावरून चालकरहित गाडी धोकादायकच असते असे म्हणणे तितकेच चुकीचे ठरेल. चालकरहित टॅक्सी चालवणाऱ्या वेमो या अमेरिकी कंपनीच्या संशोधकांनी जानेवारी २०२५ पर्यंतच्या ५ कोटी ६७ लाख मैलांच्या, म्हणजे ९ कोटी किलोमीटरहून जास्त चालकरहित प्रवासाचा अभ्यास प्रसिद्ध केला आहे. त्याच शहरांतल्या मानवी चालकांशी तुलना करता पादचाऱ्यांना इजा झालेले अपघात त्यात ९२ टक्क्यांनी कमी आहेत आणि चौकांमधले इजेचे अपघात ९६ टक्क्यांनी. अभ्यास कंपनीचाच आहे, पण पद्धत उघड आहे आणि आकडे दुर्लक्ष करण्यासारखे नाहीत. मृत्यूंबद्दल मात्र त्यावरून फारसे बोलता येत नाही. अमेरिकेत अंदाजे १२ ते १३ कोटी किलोमीटर वाहनप्रवासामागे एक मृत्यू होतो. रँड या संशोधन संस्थेने २०१६ मध्ये हिशेब करून दाखवले होते की मृत्यूंच्या बाबतीत यंत्र माणसाइतके तरी सुरक्षित आहे असे ९५ टक्के खात्रीने सांगायला एकही मृत्यू न होता २७ कोटी ५० लाख मैल चालवून दाखवावे लागेल. म्हणजे चिन्हे चांगली आहेत, ठरावीक शहरांत आणि ठरावीक हवामानात. ‘अपघात संपले’ यापासून हे बरेच दूर आहे.

‘तंत्रज्ञान तयार आहे’

मार्च २००४ मध्ये अमेरिकी संरक्षण खात्याच्या डार्पा या संस्थेने मोहावी वाळवंटात चालकरहित गाड्यांची शर्यत ठेवली. मार्ग दोनशे किलोमीटरहून लांब होता. सगळ्यांत पुढे गेलेली गाडी बारा किलोमीटरच्या आत अडकली. पुढच्याच वर्षी पाच गाड्यांनी शर्यत पूर्ण केली आणि स्टॅनफर्डची ‘स्टॅनली’ जिंकली. प्रगतीचा हा वेग थक्क करणारा आहे, आणि अवघी दहा वर्षे थांबा असे तेव्हापासून ऐकू येते तेही त्याच्यामुळेच. वाळवंटात समोरून शाळकरी मुले येत नाहीत.

आज शहरात चालणारी चालकरहित टॅक्सी आखून दिलेल्या भागातच चालते, तिच्याकडे त्या भागाचा बारीक नकाशा असतो, आणि अडली की ती दूर बसलेल्या माणसाला विचारते. डिसेंबर २०२५ मध्ये सॅन फ्रान्सिस्कोत मोठ्या भागातली वीज गेली आणि सिग्नल बंद पडले. बंद सिग्नलच्या चौकात थांबून, पाहून पुढे जायचे हे वेमोच्या गाड्यांना येत होते. पण खात्री करून घेण्यासाठी एकाच वेळी इतक्या गाड्यांनी दूरच्या मदतनिसांकडे विचारणा केली की उत्तरे मिळायला वेळ लागला आणि गाड्या जागीच उभ्या राहिल्या. सेवा काही काळ थांबवावी लागली. चालक गेला म्हणतो तेव्हा तो पडद्यामागच्या खोलीत गेलेला असतो, आणि त्या खोलीत किती माणसे आहेत याचा रस्त्यावर थेट परिणाम होतो.

‘वाहतूक कोंडी जाईल’

या वाक्यात सगळ्यांत जास्त तथ्य आहे आणि तेच सगळ्यांत जास्त चुकीचे समजले गेले आहे.

जपानी संशोधक युकी सुगियामा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००८ मध्ये एक प्रयोग प्रसिद्ध केला. २३० मीटरच्या गोल रस्त्यावर २२ गाड्या, सगळ्यांनी एकाच वेगाने चालवायचे, मध्ये कुठलाही अडथळा नाही. थोड्याच वेळात कुणीतरी किंचित हळू झाले, मागच्याने जरा जास्त ब्रेक दाबला, त्याच्या मागच्याने आणखी, आणि कोंडीची लाट मागे मागे सरकू लागली. पुढे अमेरिकेत जवळजवळ तोच प्रयोग झाला तेव्हा वीस-बावीस गाड्यांपैकी एकीचा वेग संगणकाकडे दिला होता, आणि त्या एकीने ती लाट विझवली. हे खरोखर सुंदर संशोधन आहे.

पण आज बाजारात मिळणाऱ्या गाड्यांमधला आपोआप अंतर राखणारा क्रूझ कंट्रोल हे करत नाही. अशा सात मॉडेलांची चाचणी घेऊन २०२० मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात सातही मॉडेल लाट वाढवणारी निघाली. पुढच्या गाडीने वेग थोडा कमी केला की ही गाडी तो जरा जास्त कमी करते. रडारला पुढचीच गाडी दिसते आणि तीही मंदावल्यावरच. कॅलिफोर्नियातल्या पाथ या संशोधन कार्यक्रमाने चार गाड्यांना रेडिओने जोडले तेव्हा मात्र चित्र पालटले. पुढे ब्रेक लागतो आहे हे मागच्या गाडीला लगेच कळू लागले आणि लाट उठेनाशी झाली. म्हणजे कोंडी कमी करायची तर गाड्यांची जोडणी हवी, नुसते स्वयंचलन पुरत नाही.

दुसरी अडचण माणसांच्या वागण्याची आहे. कॅलिफोर्नियात संशोधकांनी १३ जणांना आठवडाभर फुकट चालक दिला, आपली स्वयंचलित गाडी असती तर कसे वागाल ते पाहण्यासाठी. त्यांच्या गाड्यांचे एकूण अंतर ८३ टक्क्यांनी वाढले, आणि मालक आत नसताना मारलेल्या खेपाही त्यात होत्या. नमुना लहान आहे, पण दिशा ओळखीची आहे: प्रवास सोपा झाला की तो वाढतो. मोकळी झालेली जागा रिकाम्या गाड्यांनी भरली तर कोंडी तशीच राहील.

‘सिग्नल जातील’

टेक्सास विद्यापीठातले कर्ट ड्रेस्नर आणि पीटर स्टोन यांनी २००४ मध्ये ही कल्पना मांडली: प्रत्येक गाडीने चौकातली आपली वेळ आधीच राखून ठेवायची, मग लाल-हिरव्याची गरज नाही. संगणकावर ते अप्रतिम चालते. पण रस्ता ओलांडणारी आजी, सायकलवरचा मुलगा, हातगाडी यांच्याकडे रेडिओ नसतो. रस्त्यावर मरणाऱ्यांत निम्म्याहून जास्त माणसे पादचारी, सायकलस्वार आणि दुचाकी-तीनचाकीवरची आहेत. त्यांना वगळून आखलेला चौक माझ्या मते मान्य करू नये.

शिवाय साधे गणित आहे. ३० टक्के गाड्यांत एकमेकींशी बोलणारी रेडिओ यंत्रणा असली तर समोरासमोर येणाऱ्या दोन्ही गाड्यांत ती असण्याची शक्यता ९ टक्केच. गाड्या दहा-बारा वर्षे सहज चालतात, म्हणजे सगळा ताफा बदलायलाच एक पिढी जाते. त्यात गाड्यांनी एकमेकींशी कसे बोलायचे याचे एकच एक मानक टिकले नाही. अमेरिकेने १९९९ मध्ये यासाठी ७५ मेगाहर्ट्झचा रेडिओपट्टा राखून ठेवला, आणि तो पुरेसा वापरला गेला नाही म्हणून २०२० मध्ये त्यातला ४५ मेगाहर्ट्झ दुसरीकडे वळवला.

‘आडवे येतात ते फक्त कायदे’

२ ऑक्टोबर २०२३ ला सॅन फ्रान्सिस्कोत माणसाने चालवलेल्या एका गाडीने एका बाईला उडवले आणि ती जनरल मोटर्सच्या क्रूझ या कंपनीच्या चालकरहित टॅक्सीसमोर पडली. क्रूझची गाडी तिला धडकून थांबली, आणि मग रस्त्याच्या कडेला जाण्यासाठी पुन्हा निघाली. बाई खाली होती. ती सहा मीटर फरपटली गेली. आपल्या खाली कोण आहे हे त्या यंत्राला कळले नाही, हे भयंकर आहे. पण त्यानंतर जे झाले तेही तितकेच गंभीर आहे: फरपटल्याचा भाग कंपनीने संघराज्याच्या नियामकांना दिलेल्या अहवालात लिहिलाच नाही. कॅलिफोर्नियाने २४ ऑक्टोबरला परवाने स्थगित केले. पुढे खोटा अहवाल दिल्याचे मान्य करून क्रूझने पाच लाख डॉलर दंड भरला, आणि डिसेंबर २०२४ मध्ये जनरल मोटर्सने त्या टॅक्सी प्रकल्पाचा निधी थांबवला.

लपवल्याबद्दल कंपनीला जाब विचारता आला तो अशा अपघातांचे अहवाल देणे कंपन्यांवर बंधनकारक होते म्हणून. अमेरिकेत हा आदेश जून २०२१ पासून लागू आहे. वेमोचे चांगले आकडे बाहेरच्या अभ्यासकांना पडताळता येतात तेही त्याच आदेशाखाली जमा होणाऱ्या नोंदींमुळे. ज्या देशांत या गाड्या आता कुठे येऊ घातल्या आहेत तिथे पहिल्या गाडीबरोबरच हा नियम आला पाहिजे, आणि जमा झालेल्या नोंदी कुणालाही वाचता आल्या पाहिजेत.