‘पलंगावर लोळत’ लिहिणाऱ्याचे उत्तर

महोदय,

सायन आणि किंग्ज सर्कलच्या परिसरात 1985 ते 1987 या काळात फूटपाथवर झोपलेल्या किमान बारा माणसांची डोकी दगडाने ठेचणाऱ्या, आणि अजूनही न सापडलेल्या ‘स्टोनमॅन’वरील माझ्या लेखाला आपण दिलेली प्रतिक्रिया वाचून दोन दिवस झाले. रागाच्या भरात लिहू नये म्हणून थांबलो होतो. राग गेला नाही, तेव्हा आता लिहितो. आपले म्हणणे थोडक्यात असे, की मुंबईचा मारेकरी आणि 1989 साली कलकत्त्यात सहा महिन्यांत तेरा बळी घेणारा मारेकरी एकच असावा असे म्हणायला काडीचा पुरावा नाही, तो स्वतः फूटपाथवर झोपणारा हमाल असावा असे लिहून मी गरिबालाच आरोपीच्या पिंजऱ्यात उभे केले, दगडाचे वजन मी चुकीचे दिले, आणि शेवटी, “खेड्यात पलंगावर लोळत फूटपाथवरच्या माणसाविषयी तर्क लढवणे फार सोपे असते.”

वजनाचे आधी संपवतो, कारण तिथे आपले बरोबर आहे. मी ‘मणभर दगड’ असे लिहिले. आमच्याकडे जे उचलताना कंबर धरते ते सगळे मणभरच असते, पण मण म्हणजे सदतीस किलोंच्या वर, आणि हे दगड तीस किलोंपर्यंतचे होते असे सांगितले जाते. सात किलोंची चूक माझी.

आता पलंग. आमच्या घरी पलंग आहे. धाकट्या भावाच्या लग्नात तो आंदणात आला आणि तेव्हापासून त्याच्यावर गाद्यांची चळत आणि तुरीच्या डाळीची कोठी असते. मी झोपतो बाजेवर, आणि हरभऱ्याला घाटे धरले की वावरात, रानडुकरांच्या जागलीला. राळेगाव तालुक्यातील आमच्या गावात उघड्यावर झोपणे म्हणजे काय हे शाळकरी पोरालाही ठाऊक असते. ते कळण्यासाठी टोपणनाव घेऊन दुसऱ्याची अक्कल काढावी लागत नाही.

परंतु मी जागलीच्या बळावर तो लेख लिहिलेला नाही. 1986 च्या उन्हाळ्यात, पऱ्हाटीचा पैसा सावकाराच्या घरी जाऊन बसल्यावर, मी आणि माझा चुलतभाऊ पुलगावहून गाडीत बसून मुंबईला गेलो आणि एका गोदामात बोऱ्या उचलू लागलो. मी एकोणीस वर्षांचा होतो. खोलीचे भाडे परवडणारे नव्हते, म्हणून तीन आठवडे आम्ही किंग्ज सर्कलपासून फार दूर नसलेल्या एका फूटपाथवर झोपलो, म्हणजे नेमके त्याच साली आणि जवळजवळ त्याच ठिकाणी, ज्याविषयी मी पलंगावर लोळून लिहितो असे आपल्याला वाटते. आमच्या शेजारी जालन्याकडचा एक म्हातारा असे. तो चपला उशाला घेई, पिशवीची नाडी मनगटाला दोनदा गुंडाळी आणि मग आम्हाला बजावी की काही झाले तरी ओळ सोडून झोपायचे नाही. दिव्याखालच्या जागा सगळ्यांना हव्या असत, डोळ्यांवर उजेड येत असूनही. त्या जागांना वर्षानुवर्षांचे मालक असत, आणि नव्याने आलेल्याला किंवा ज्याचे कोणीच नाही त्याला उरलेला अंधारा कोपरा मिळे.

माझ्या लेखाचा सारा भार या एका गोष्टीवर आहे, आणि तिला आपण स्पर्शही केलेला नाही. मारले गेलेले बहुतेक जण एकटे झोपलेले होते आणि जागा अंधाऱ्या होत्या. अनेकांची ओळखही पटू शकली नाही, कारण विचारत यायला नातलग नव्हते, आणि त्यामुळेच पहिले काही खून पोलिसांना एकमेकांपासून सुटे वाटले. या हल्ल्यांतून वाचलेला एक वेटर होता, तोही राहायला जागा नसलेला. अंधारामुळे त्यालासुद्धा चेहरा दिसला नाही. आज कोणता माणूस ओळीबाहेर झोपला आहे आणि त्याला उद्या कोणी शोधणार नाही, हे मोटारीतून जाणाऱ्याला कळत नाही. ते त्याच फरशीवर पाठ टेकणाऱ्याला कळते. एका घावात जीव जातो म्हणून मारेकरी उंच आणि धिप्पाड असावा असा कयास होता. आमच्याकडच्या जिनिंगमध्ये सर्वांत जड बोरी उचलणारा हमाल पाच फुटांचा होता. उचलणे सवयीचे असते, उंचीचे नव्हे.

कलकत्त्याबद्दल मी ‘असावा’ असे लिहिले होते, ‘होता’ असे नव्हे; मराठीत या दोन शब्दांत फरक आहे. तिथेही रात्र, तिथेही एकटा झोपलेला माणूस, तिथेही डोक्यात दगड. संशयावरून अनेकांना धरले आणि पुराव्याअभावी सोडले. हे एखाद्या नकलाकाराचे काम असू शकते, हे आपले म्हणणे मला मान्य नाही, एवढेच सांगून पुढे जातो. गुवाहाटीचे 2009 सालचे खून आपण जाता जाता काढले आहेत, त्यांचा माझ्या लेखाशी संबंध नाही. आणि साठच्या दशकात मुंबईत फूटपाथवर झोपलेल्यांना ठार मारणाऱ्या रामन राघवचे नाव मी घेतले ते त्याला वगळण्यासाठी, जोडण्यासाठी नव्हे. ऑगस्ट 1968 मध्ये पकडला गेलेला हा माणूस 1995 मध्ये मरेपर्यंत बंदिवासातच होता. 1987 मध्ये उच्च न्यायालयाने त्याची फाशी बदलून जन्मठेप केली, ते मनोविकारामुळे. लेखाचा तो परिच्छेद आपण पूर्ण वाचला असता तर आपले आणि माझे, दोघांचेही श्रम वाचले असते.

गरिबाला पिंजऱ्यात उभे केल्याच्या आरोपाला मी काय उत्तर देऊ? मीच बोऱ्या उचलल्या आहेत, मला हमालाचा द्वेष शिकवायला कोणी नको. मात्र गरिबांचा एवढा कळवळा असलेल्या आपल्या प्रतिक्रियेत मेलेल्या बारा जणांविषयी एक ओळ नाही, दगडाच्या वजनाविषयी चार आहेत.

आपला शेवटचा प्रश्न होता की तो म्हातारा लेखात का नाही. तो लेखात नव्हता, कारण तो पुरावा नाही, हे मलाही समजते. आज तो इथे आला तो आपल्या पलंगामुळे. आम्ही गावी परतलो त्या रात्री तो ओळीतच झोपला होता. पुढचे मला माहीत नाही.

मूळ लेखातील ‘मणभर’ हा शब्द रात्री लाईन आली की बदलतो. बाकीचा लेख आहे तसा राहील.