केलीला हेन्लीने का नाकारले: क्लबमुळे की थापीमुळे?

१९२० साली फिलाडेल्फियाच्या जॉन केली या गवंडीकाम केलेल्या खेळाडूला इंग्लंडमधील हेन्लीच्या वल्ह्यांच्या शर्यतीत प्रवेश नाकारण्यात आला. तो त्याच्या क्लबमुळे की त्याने हाती धरलेल्या थापीमुळे, यावर परवा आमच्या कट्ट्यावर बराच वेळ वाद रंगला. सिंगल स्कल्स म्हणजे एकट्याने दोन वल्ह्यांनी नाव पळवण्याची शर्यत, आणि टेम्स नदीवरच्या ‘डायमंड स्कल्स’ला त्या प्रकारात तेव्हा ऑलिंपिकपेक्षा कमी मान नव्हता. केली इंग्लंडला निघण्याच्या तयारीत होता आणि त्याचा अर्ज फेटाळला गेला.

आमच्यातल्या वकिलांचे म्हणणे असे, की या प्रकरणाला गरीब-श्रीमंत संघर्षाचा रंग उगाच दिला जातो. केली ज्या व्हेस्पर बोट क्लबचा होता, त्याचा आठ वल्हेकऱ्यांचा संघ १९०५ साली हेन्लीला आला होता. त्यांचा खर्च लोकवर्गणीतून भागवला गेल्याचे नंतर उघड झाले आणि हौशीपणाचा, म्हणजे खेळावर पैसे न घेण्याचा, नियम मोडला म्हणून १९०६ साली संयोजकांनी त्या क्लबचे अर्ज यापुढे घ्यायचे नाहीत असा ठराव केला. “ठराव चौदा वर्षे जुना होता, केलीचे नावही तेव्हा कोणाला ठाऊक नव्हते. मग तो त्याच्याविरुद्ध कसा?” हा त्यांचा प्रश्न. त्यावर मास्तरांनी शांतपणे सांगितले, की १९२० च्या नोंदीत ठरावाचा उल्लेख करून समिती थांबलेली नाही. अंगमेहनतीच्या कामासंबंधीच्या नियमानुसारही हा अर्जदार पात्र ठरत नाही, असे तिने पुढे लिहून ठेवले आहे.

तो नियम १८७९ पासूनचा. यंत्रकाम करणारा, कारागीर किंवा मजूर म्हणून ज्याने कधीही वेतन घेतले असेल तो हौशी खेळाडू नव्हे, असे त्यात म्हटले होते. इंजिनीअरिंग कॉलेजात असताना मुळा नदीच्या पात्रात वल्ही मारलेल्या आमच्या मित्राने येथे नियमाची बाजू मांडली, आणि ती ऐकून घेण्यासारखी होती. टेम्सवर प्रवाशांची ने-आण करणारे नावाडी शतकानुशतके वल्ह्यावरच जगत होते. नवशिक्या नावाड्यांसाठी लावलेली डॉगेटची शर्यत १७१५ पासून चालत आलेली आहे. एकोणिसाव्या शतकात व्यावसायिक स्कलिंगवर मोठमोठ्या पैजा लागत. दिवसभर वल्हे मारणाऱ्या माणसासमोर संध्याकाळी तासभर सराव करणाऱ्या कारकुनाचा निभाव लागणार नाही, ही भीती खोटी नव्हती. मात्र नावाड्याला वगळण्याचे कारण गवंड्याला कसे लागू पडते, याचे उत्तर त्याच्याकडेही नव्हते. विटा रचण्याने कोणाला वल्हे मारता येऊ लागत नाही. मला तर वाटते, की स्पर्धेतील समानतेसाठी म्हणून सांगितला गेलेला हा नियम या एका टप्प्यावर समाजातील पायरी राखण्याचा नियम झाला.

वकिलांनी हॅरी ब्लॅकस्टाफचे उदाहरण पुढे केले. हा लंडनचा माणूस व्यवसायाने खाटीक. त्याने १९०६ ची डायमंड स्कल्स जिंकली आणि १९०८ च्या ऑलिंपिकची शर्यत हेन्लीलाच झाली तेव्हा, वयाची चाळिशी नुकतीच गाठलेली असताना, अलेक्झांडर मॅक्युलकला हरवून सुवर्णपदक मिळवले. खाटकाला जर मज्जाव नव्हता, तर हेन्लीला केवळ उमरावांची जागा कसे म्हणायचे? दाखला खरा आहे आणि त्याचे वजनही आहे. पण त्यातून निघते ते एवढेच, की दुकानदारी चालत होती आणि रोजंदारी चालत नव्हती. मांस तोडणारे हात हौशी आणि वीट लावणारे हात अपात्र, ही रेषा कोणत्या खेळाच्या तत्त्वावर आखली, हे मास्तरांनी दोनदा विचारले.

मग ओघाने ब्रुसेल्स आले. १९२० च्या ऑलिंपिकचे यजमानपद अँटवर्पकडे असले, तरी वल्ह्यांच्या शर्यती ब्रुसेल्सजवळच्या विलेब्रुकच्या कालव्यात झाल्या. अंतिम फेरीत तीस वर्षांचा केली आणि त्याच वर्षी डायमंड स्कल्स जिंकलेला एकवीस वर्षांचा ब्रिटनचा जॅक बेरेसफर्ड समोरासमोर होते. केलीची वेळ ७ मिनिटे ३५ सेकंद, बेरेसफर्डची ७ मिनिटे ३६ सेकंद. न्यूझीलंडचा डार्सी हॅडफील्ड तिसरा. अर्ध्या तासाने केलीने चुलतभाऊ पॉल कॉस्टेलो याच्यासह दुहेरीचेही सुवर्ण घेतले. “कालव्याने निकाल दिला,” असे कट्ट्यावरचा सर्वांत धाकटा सभासद म्हणाला, आणि येथे मी त्याला अडवले. त्या एका सेकंदावर केलीची बाजू उभी करणे मला धोक्याचे वाटते, कारण बेरेसफर्ड एक सेकंद आधी पोहोचला असता तर नियम योग्य ठरला असता काय? बेरेसफर्ड सामान्य खेळाडू नव्हताच. पहिल्या महायुद्धात पायाला जखम झालेल्या या माणसाने पुढे १९२४ ची सिंगल स्कल्स जिंकली आणि सलग पाच ऑलिंपिकमध्ये पदके मिळवली. मुळेत वल्ही मारलेल्या आमच्या मित्राने लगेच दत्तू भोकनळचे नाव घेतले. चांदवड तालुक्यातल्या तळेगाव रोहीच्या या मुलाने वडिलांबरोबर विहिरी खोदण्याची मजुरी केली, सैन्यात गेल्यावर वल्हे हाती घेतले आणि २०१६ साली रिओत सिंगल स्कल्समध्ये तेरावा क्रमांक मिळवला. जुन्या नियमाने त्याला हेन्लीला उभे केले नसते. त्याचा प्रारंभरेषेवरचा हक्क पदकावर अवलंबून नव्हता, तसाच केलीचाही नव्हता.

बर्लिन ऑलिंपिकला निघालेल्या ऑस्ट्रेलियाच्या पोलिसांच्या संघाला १९३६ साली याच नियमाखाली हेन्लीने प्रवेश नाकारला, तेव्हा मोठा गदारोळ झाला आणि पुढच्या वर्षी अंगमेहनतीचे कलम गेले. १९४७ साली केलीचाच मुलगा डायमंड स्कल्स जिंकून गेला.

एवढे होऊनही वकील क्लबच्या ठरावावरून हटले नाहीत. एकच कारण पुरेसे होते, तर दुसरे कशाला लिहिले, असे मास्तरांनी त्यांना विचारले. “अहो मास्तर, निकाल लिहिताना जेवढी भक्कम कारणे असतील तेवढी नोंदवतात, एक कोसळले तर दुसऱ्यावर निकाल टिकावा म्हणून,” असे ते म्हणाले. हे उत्तर मला पूर्णपणे पटले. केलीने गवंडीकाम केले होते, हे समितीला भक्कम कारण वाटले होते, हे त्यातूनच सिद्ध होते.